श्रीचं कार्ड

आमच्या घरी चूल पेटायची ती भोकं पाडलेल्या कार्डांवर. आते ऑफिसातून टाकाऊ कार्डांची पिशवी भरून आणायची आणि आई त्यातली चार-पाच मोडून शेणीखाली सरकवायची. जाड, पिवळसर, गुळगुळीत कार्डं. रॉकेल शिंपडायची गरज पडत नसे, म्हणून आई खूश. भिंतीच्या फटीत वारा घुसायला लागला की तिथेही कार्डं, डगमगणाऱ्या पाटाखाली कार्ड, मिठाच्या बरणीवर झाकण म्हणून कार्ड. घर म्हणजे मिठागराची चौकी. मुलुंडच्या पूर्वेला हायवे ओलांडला की तेव्हा वस्ती संपायची आणि मिठागरं सुरू व्हायची, खाडीपर्यंत. बांधाबांधाने चालत गेलं की मधोमध आमचं ते पत्र्याचं घर. बाबा तिथे मुकादम. वेंगुर्ल्याकडून आलेले, तिकडेही मिठातच जन्म गेलेला, मुंबईला येऊन पुन्हा मिठातच. वीज नाही, शेजार नाही, हाक मारली तर बगळे उडायचे. पत्त्यात मुंबई होती म्हणून लोक मला मुंबईची मुलगी म्हणतात. हो बाबा, मुंबईची. रात्री दूर हायवेवरचे ट्रक ऐकू यायचे आणि आमच्या अंगणात चिंबोऱ्या चालायच्या, अशी मुंबई.

इंदूआते ही बाबांची थोरली बहीण. लग्न झालं होतं, नवऱ्याने वर्षभरात परत आणून सोडली, कारण काय ते कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. टायपिंग शिकलेली होती. त्या जोरावर घाटकोपरच्या एका मोठ्या कारखान्याच्या ऑफिसात ती पंचिंगला लागली. एका लांब खोलीत बायकांची रांग, प्रत्येकीपुढे यंत्र, बाजूला कागद. कागदावर जे लिहिलंय ते बोटांनी मारायचं, की यंत्र कार्डाला भोकं पाडणार. मग तोच कागद दुसऱ्या बाईकडे, तिने तेच सगळं पुन्हा मारायचं, म्हणजे चूक सापडते. "डोक्याक कुलूप आणि बोटांक पाय," आते म्हणायची. "कागदार 'मर' लिवलेला असला तरी 'मर'च मारूचा. विचार केलंस की चुकलंस." घरी आली की ती आधी हात कोमट पाण्यात बुडवून बसायची, कारण बोटांची पेरं दुखायची. आई तोवर कुळथाची पिठी उकळत ठेवायची. पावसाळ्यात मिठागर बंद. जानेवारी ते मे बाबांच्या हाताला काम, बाकी वर्षभर चौकी राखल्याचं नावापुरतं काहीतरी. म्हणजे जून लागला की घरात आम्ही चौघं आणि एक आतेची नोकरी. हे आमच्यात कोणी बोलून दाखवायचं नाही, पण आते शिंकली तरी आई काढा करायला उठायची.

मी बारावी झाले आणि घरी बसले. पुढे शिकवायची ऐपत नव्हती. तेव्हा उपनगरांत कॉम्प्युटरचे क्लास नुकते निघायला लागले होते, अंधेरीला, बोरिवलीला. पाटी वाचून मी आत जाऊन फी विचारून आले. बाबांना सांगितली तर ते रागावले नाहीत, हसले. ते हसणं मला अजून आवडत नाही. मग मी चुलीपुढे बसून कार्डं वाचायला लागले. कार्डाच्या वरच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेलं असतं, भोकांचा अर्थ. बहुतेकांवर नुसते आकडे आणि नावं. पण अधूनमधून एखाद्या कार्डावर वेगळंच काही असायचं, हे झालं तर तिकडे जा, हे असेल तर ते छाप, अशा थाटाचं. हुकूमच. मला कोणी हुकूम सोडू देत नव्हतं, त्यामुळे असेल, मला ते फार आवडलं. आतेला विचारलं तर म्हणाली, "ती प्रोग्रामरांची कार्डां. माका काय कळता त्यातला?" पण दोन दिवसांनी रद्दीत निघालेलं एक पुस्तक तिने पिशवीतून काढून माझ्यापुढे टाकलं. फोरट्रॅनचं, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम सोडायच्या भाषेचं. मधली पानं फाटून गेलेली, उरलेल्यांवर दमटपणाने काळे ठिपके पडलेले. आमच्याकडे आल्यावर खाऱ्या हवेत ते ठिपके आणखी वाढले.

मला आता फोन येतात. कॉम्प्युटरच्या नोकरीतून निवृत्त झाले तरी येतात. कुठल्या कुठल्या खेड्यांतून पोरंपोरी बोलतात, "मॅडम, इकडे क्लास नाही, विचारायला कोणी नाही, एकट्याने शिकतोय, काय करू?" मी जरा खेकसूनच बोलते, सवय आहे. सांगते, की एकट्याने शिकता येतं, कोणी नाही म्हणत असेल तर त्याला माझा नंबर दे. पण एकट्याने शिकलेल्याची चूक त्याच्याच घरात लहानाची मोठी होते, हे लक्षात ठेव. कोणीतरी शोध, आठवड्यातून एकदा का होईना, ज्याला तुझं लिहिलेलं वाचून दाखवता येईल. त्याला समजलं नाही तरी चालेल. वाचून दाखवताना आपलं आपल्याला कळतं. हे मला सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून मी शिकवणी दिल्यासारखं सांगते. पोरं "थँक्यू मॅडम" म्हणतात आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न विचारायला फोन करतात. वाट लावतात डोक्याची.

पुस्तक पाठ झालं, आता काहीतरी करून बघायला हवं होतं. मी भरतीचा विषय घेतला. आमच्या घरात घड्याळापेक्षा भरतीला मान. बाबा तिथी मोजायचे आणि तिची पाऊणपट करायचे. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. कोकणात शेंबडं पोरही हे करतं. पावसाळ्यात मोठी भरती आणि पाऊस एका वेळी गाठ पडले की पाणी घरात यायचं, मग अंथरुणं दोरीवर, डबे फळीवर, आई खाटेवर चूल मांडून बसलेली. मी ठरवलं की आतेच्या ऑफिसातल्या मशीनकडून, म्हणजे कॉम्प्युटरकडून, पंधराही तिथींच्या भरतीच्या वेळा छापून घ्यायच्या आणि दाराला लावायच्या. बाबा पोटभर हसले. "चेडवा, बोटार मोजूक येता ता मशिनाक कित्याक विचारूचा? उद्या श्वास घेऊ काय म्हणून पण विचारशीत!" मी चिडले. म्हटलं, बघाच तुम्ही. पानाच्या डोक्यावर सवयीने श्री लिहिलं आणि खाली माझे हुकूम लिहायला घेतले.

आणि ते पान आतेने ऑफिसात न्यायचं ठरवलं. मी मागितलं नव्हतं, मागायची हिंमतही झाली नसती. तिनेच कागद उचलला. "जेवणाच्या सुट्टीत मारीन. कार्डां मशीनच्या खोलीच्या खिडकीर द्यायच्या ट्रेमधी ठेवीन. थयसर सगळ्यांची कामां असतत, कोण बघता?" आई हातातलं सोडून पुढे आली. "वन्सं, नको. कोणी बघितलं तर? नोकरी गेली तर खायचं काय, मीठ?" आते हसली. "अगो, दहा कार्डां. एवढ्यान कोणाची नोकरी जाता?" बाबा खाली मान घालून सुकट निवडत बसले, तिचं डोकं-शेपूट मोडत. त्या दिवसापासून दर वेळी आतेच्या पिशवीत माझा कागद गेला की आई दिवसभर धड जेवायची नाही, आणि संध्याकाळी बांधावर आतेची छत्री दिसली की मगच तांदूळ धुवायला घ्यायची.

पहिला कागद आला तो चुकांचा. स्वल्पविराम नाही, कंस उघडा राहिला. ते ठीक, ते मी दुरुस्त केलं. दुसऱ्या वेळी काम चाललं आणि छापून आलं शून्य. प्रतिपदेला शून्य, द्वितीयेला शून्य, अमावस्येपर्यंत खाली सगळी शून्यं. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा शून्य. तीनला चाराने भागून तिथीने गुणायचं, एवढं साधं. हाताने करून बघितलं, बरोबर येतंय. मशीनला येत नाही? विचारणार कोणाला? बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या मशिनाच्या खाडीक भरतीच येत नाय." आणि तेच वाक्य ते दोन दिवस घोळवत राहिले. मी मिठागराच्या मोरीवर जाऊन बसले आणि भोकाड पसरून रडले. तिथे एक बरं होतं, कितीही मोठ्याने रडलं तरी बगळ्यांशिवाय कोणाची अडचण होत नसे. हे असलं रडणं पोरांना फोनवर ऐकू येतं मला, ती रडत नसली तरी. मशीन आपल्यावर रागावलंय असं वाटायला लागतं. ते कोणावर रागवत नाही आणि कोणाला पावतही नाही. त्याच्यासाठी आपण नसतोच.

कळलं ते चुलीपुढे. आई कार्ड मोडून आत सारणार, तेवढ्यात मला त्यावर एक आकडा दिसला आणि आकड्यापुढे टिंब. मी तिच्या हातातून कार्ड ओढून घेतलं. स्वच्छ, नवं करकरीत कार्ड, बुरशी नाही की काही नाही, आणि तरी टिंब. पळत जाऊन पुस्तक काढलं. पुस्तकातही आकड्यांपुढे टिंबं होती, पण सगळं पानच ठिपक्यांनी भरलेलं, मी ती बुरशी समजून सोडून देत होते. टिंब नसलं की मशीन आकडा पुरता अख्खा धरतं, त्याला अपूर्णांक माहीतच नसतो. तीनात चार किती वेळा जातात? एकदाही नाही. म्हणजे शून्य. आमची पाऊण त्याच्या लेखी शून्य होती! टिंबांचं सगळं सांगणारी पानं तेवढी फाटून गेलेली. मी इतकी खूश झाले की आईला मिठी मारली, तिच्या हातातली फुंकणी खाली पडली. ती म्हणाली, "झालं ना आता? मग हे शेवटचं. वन्सं, हे शेवटचं." आते म्हणाली, "शेवटचां." मी नव्याने कागद लिहिला, टिंबं ठळक काढली. आतेने तो घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला. गणपती दोन दिवसांवर आले होते.

त्या शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसाचं. आते दुपारी यायची, येताना मोदकांसाठी गूळ आणायची. आमच्या घरी गणपती नसायचा, तो वेंगुर्ल्याला काकांकडे, पण आई चतुर्थीला मोदक करायचीच. खोबरं खवून ठेवलं होतं. दुपार गेली, चहाची वेळ गेली. आई पुन्हा पुन्हा दारात. बाबा म्हणाले, "सणाचो बाजार आसा, वेळ होताच." पण तेही बांधावर जाऊन उभे राहिले. संध्याकाळ झाली तेव्हा दोन छत्र्या येताना दिसल्या. आतेच्या बरोबर रोहिणी होती, तिच्या रांगेत बसणारी नवी मुलगी, रोजंदारीवरची. आते तिच्याविषयी सांगायची, कळव्याहून येते, बाप नाही. आते घरात आली, छत्री मिटली, आणि हात पाण्यात न बुडवता तशीच कोपऱ्यात बसली. गूळ आणला नव्हता.

"मावशी," रोहिणी आईला म्हणाली, "इंदूताईंची नोकरी गेली."

बाबांनी "काय?" एवढंच म्हटलं, पण इतक्या मोठ्याने की रोहिणी दचकली. मग ती सांगत गेली. कारखान्यातले बहुतेक कामगार कोकणातले. गणपतीला गावी जायला त्यांना सणाची उचल मिळायची, आणि तिची यादी शनिवारी सकाळी मशीनवर छापायची होती. यादी छापता छापता मशीनने ते काम सोडून दिलं. शेवटची बेरीज निघाली नाही, आणि बेरजेवाचून कॅशियर पैसे वाटायला तयार नाही. पुन्हा कार्डं घातली, पुन्हा तिथेच बंद. साहेब धावपळ करताहेत, गेटवर माणसं जमलेली, बायकापोरांना एसटी स्टँडवर बसवून आलेली. दुपारी कधीतरी कोणीतरी कार्डांचा गठ्ठा हाताने तपासला तेव्हा यादीच्या शेवटी एक भलतंच कार्ड सापडलं. "त्याच्यावर काय तर इंग्लिशमध्ये नुसतं श्री," रोहिणी म्हणाली. "साहेब ते कार्ड नाचवत आमच्या खोलीत आला. कोणाचं हे? आता आमच्यातली प्रत्येक बाई सकाळी मनात श्री म्हणूनच बसते, कोण काय सांगणार? मग म्हणाला, ट्रे कोणी नेला होता? तो मी नेला होता, मावशी. रोजचं माझंच काम ते. म्हणाला, ही टेंपररी ना? हिला काढा आत्ताच्या आत्ता. मी रडायला लागले, मला तर काही माहीतच नाही. तेवढ्यात ताई उठल्या."

"नको गो सांगू," आते कोपऱ्यातून म्हणाली.

"का नको? उठल्या आणि म्हणाल्या, ते माझं आहे, तिचा संबंध नाही. मागचं काम पण माझं, घरचं आहे. बस्स. मग जे काय ओरडले त्यांना! बाहेरचं काम आत घुसवता, मशीन बंद पाडता. चौकशी नको असेल तर राजीनामा लिहा म्हणाले. ताईंनी लिहिला. एक म्हातारा गेटवर बसून रडत होता, त्याच्या घरचा गणपती तोच बसवतो म्हणे. एसटी गेली त्याची. बाहेर पडताना ताईंनी त्याला नमस्कार केला. त्याला काय माहीत ही कोण."

बाबा आतेपुढे जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांचा आवाज खाली आला. "अक्का, तू गप कित्याक रवलंस नाय?" ते म्हणाले. "चेडू रोजंदारीवरचा होता. तिका दुसरीकडे मिळाली असती." रोहिणी समोर उभी होती आणि ते असं म्हणाले. ती खाली बघायला लागली. आते शांतपणे म्हणाली, "तिका बापूस नाय रे पांडू. आपल्याक चौघा तरी आसत." आई पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली, आणि मी भिंतीला टेकून उभी होते. कारण मला एक कळायला लागलं होतं.

"आते," मी विचारलं, "श्रीचं कार्ड तू कुठे ठेवलं होतंस?"

"सगळ्यात वर. मगे काय, श्री शेवटाक घालतत?" तिने माझ्याकडे पाहिलं. "माझीच चूक होती गो. कागदार असा ता सगळा मारूचा हो आमचो नियम, आणि तुझ्या कागदावरचां श्री मी दर वेळी गाळी होतंय. म्हणून तुका शून्य येय. चार दिवस ह्याच माझ्या डोक्यात. आज कामाआधी मारूक बसलंय तेव्हा म्हटलंय, आता गाळूचा नाय."

पुस्तकातल्या धड राहिलेल्या पानांत हे होतं, म्हणून मला समजलं. मशीन कार्डांचा गठ्ठा एका दमात वाचत जातं. प्रत्येक कामाच्या तोंडाशी एक कार्ड असतं, त्यावर कामाचं नाव. ते नावाचं कार्ड दिसेपर्यंत जे येईल ते आधीच्या कामाचंच, असं मशीन धरून चालतं. आतेने माझी कार्डं ट्रेमध्ये त्या यादीच्या मागे ठेवली होती. श्री माझ्या कामाच्या नावाच्या कार्डाच्याही वर होतं, म्हणून ते माझ्या कामात आलंच नाही. ते यादीच्या शेवटी जाऊन बसलं. कामगाराचा नंबर असायचा त्या जागी मशीनला अक्षरं दिसली आणि त्याने यादी टाकून दिली. माझी दहा कार्डं नुसती मागे उभी राहिली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. नोकरी गेली ती त्या एका कार्डाने. साहेबांनी हे तिला सांगितलं नव्हतं. पंचिंगच्या बाईला कोण समजावून सांगत बसतं? ती समजून चालली होती की घरचं काम आत नेलं हाच तिचा गुन्हा, आणि तो तिला मान्य होता.

रोहिणीने डब्याच्या पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला. "हे त्यांनी टोपलीत टाकलं होतं. ताई म्हणाल्या, घे." यादी बंद पडली तरी मशीनने पुढचं काम उचललं होतं, ते तसंच करतं. मी कागद कंदिलाखाली धरला. प्रतिपदा पाऊण. द्वितीया दीड. चतुर्थी तीन. सगळ्या तिथी, एकाखाली एक, टिंबांसकट, बरोबर. सांगायला लाज वाटत नाही, त्या क्षणी माझ्या पोटातून आनंद उसळून वर आला. घरात मयत झाल्यासारखी शांतता, आणि मला नाचावंसं वाटत होतं. लगेच दुसऱ्या क्षणी रडू आलं, ते मात्र थांबेना.

"रडतस कित्याक?" आते उठून जवळ आली. "पुन्हा शून्य इलां?"

"नाही. बरोबर आलंय. सगळं बरोबर."

तिने कागद माझ्या हातातून घेतला, उलटसुलट बघितला. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांचे हुकूम मारले होते, पण मशीनने काय उत्तर दिलं ते तिने कधी पाहिलेलं नव्हतं. चेहरा बघण्यासारखा झाला तिचा. "पांडू, हे बघ! चतुर्थी तीन. बरोबर काय रे?" बाबांनी न बघता मान हलवली. "बघलंस मंदे? श्री घातलंय आणि पयल्या झटक्यात चललां! तेच्यामुळेच ना?"

बाबा माझ्याकडे बघत होते. आई बघत होती. माझ्या ओठांवर टिंब आलं होतं, बुरशी आली होती, सगळं आलं होतं. जन्मभर मी लोकांना तोंडावर चुका सांगितल्या, त्यासाठीच मला पगार मिळाला आणि त्यासाठीच माझी बदनामीही झाली. दोन गोष्टी एकदम बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही, हे मी फोनवरच्या प्रत्येक पोराला घोकून घोकून सांगते. त्या संध्याकाळी मी म्हटलं, "होय आते. श्रीमुळेच."

"मगे गेली तर गेली नोकरी," ती म्हणाली. "वैनी, वाढ. ह्या चेडवाक पण वाढ, लांब जावचा आसा तिका." आणि सकाळपासून उपाशी होती ती पेज जेवली. दुसरी वाटीही मागून घेतली.

तो पावसाळा कसा काढला ते लिहिणार नाही. आईच्या कानातलं गेलं, पितळेची भांडी गेली, बाबांनी बोलणं कमी केलं आणि मला हसून चिडवणं कायमचं सोडलं. ते मला सगळ्यात जड गेलं. हंगाम सुरू झाला तेव्हा आते मिठागरात उतरली. बायका मिठाच्या पाट्या डोक्यावरून ढिगापर्यंत वाहतात, त्यांच्या रांगेत. यंत्रावर दुखणारी तिची बोटं आता चिरायची, चिरांत खारं पाणी जायचं, संध्याकाळी हात कोमट पाण्यात घालताना ती दात आवळून घ्यायची. आणि पाटी खाली ठेवून दम खाताना बायकांना सांगायची, "आमच्या मंदेचा काम श्री घातल्यार मशीनान पयल्या झटक्यात केल्यान." मी बांधावर उभी राहून ऐकायचे. पुढे त्याच कागदाच्या जोरावर मला एका ठिकाणी दारातून आत घेतलं, मग नोकरी, मग बाकीचं सगळं. पण बाबांना ते पुरतं बघायला मिळालं नाही.

आते आहे. माझ्याकडेच असते. डोळे गेलेत, कान तिखट. मी हे लिहायला बसले की तिला कागदाची सळसळ ऐकू येते आणि ती पलंगावरून विचारते, "माझ्याबद्दल काय लिवलंस गो?" मी आधी टाळायचे. काल तिने ऐकलंच नाही, वाच म्हणून बसली. मग मी चष्मा लावला, हेच कागद तोंडासमोर धरले, आणि त्यावर कुठेही नसलेलं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, "आतेने सगळ्यात वर श्री घातलं, म्हणून माझं पहिलं काम चाललं."

तिने समाधानाने मान हलवली. "परत वाच," म्हणाली.

मी परत वाचलं.